कशफची ओढणी आणि राधिकाची साडी

घाटकोपरची खोखानी लेन घ्या, बोरिवलीची जांभळी गल्ली घ्या, नाहीतर मुलुंड स्टेशनबाहेरची ड्रेस मटेरियलची दुकानं घ्या. "पाकिस्तानी दाखवा" म्हणणारं गिऱ्हाईक तिथे नवं नाही. दुकानदारही काही न विचारता नेमका गठ्ठा खाली काढतो. गुडघ्याखाली येणारा सरळ कुर्ता, गळ्याला आणि बाहीच्या टोकाला भरतकामाची पट्टी, खाली सैल सरळ पँट आणि अंगभर पुरेल अशी छापील ओढणी. कापड पातळ, मुंबईच्या उकाड्यात अंगाला न चिकटणारं. या कापडाला लॉन म्हणतात. कराची-लाहोरात उन्हाळा तोंडावर आला की गुल अहमद, खाडी, सना सफीनाज अशा कंपन्यांचे लॉनचे नवे छाप बाजारात येतात आणि त्यांवर तिथल्या बायकांची झुंबड उडते.

मात्र खोखानी लेनमधला गठ्ठा कराचीहून आलेला नसतो. पुलवामाच्या हल्ल्यानंतर, फेब्रुवारी २०१९ मध्ये भारताने पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयातशुल्क लावलं. मे २०२५ मध्ये तर ही आयात पूर्ण थांबवली, तिसऱ्या देशातून फिरून येणाऱ्या मालासकट. उपनगरांत 'पाकिस्तानी' म्हणून जे विकलं गेलं त्यातलं बहुतेक सुरतेत छापलेलं, सुरतेत भरलेलं. डिझाइन तिकडचं, सूत इकडचं, आणि शिलाई आपल्या गल्लीतल्या मास्तरांची.

हा 'पाकिस्तानी' ड्रेस मराठी घरांत टीव्हीतून आला, असं मला ठामपणे वाटतं. २३ जून २०१४ रोजी झी समूहाने 'जिंदगी' ही वाहिनी सुरू केली आणि पाकिस्तानी मालिका आपल्या घरात रीतसर दिसू लागल्या. पहिल्या काही मालिकांतच 'जिंदगी गुलजार है' होती. उमेरा अहमद यांच्या कादंबरीवरची, सुलताना सिद्दिकी यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका पाकिस्तानात २०१२-१३ साली हम टीव्हीवर गाजून गेली होती. अवघे २६ भाग. कशफ मुर्तजा ही गरीब घरातली हुशार मुलगी स्पर्धा परीक्षा देऊन सरकारी अधिकारी होते. तिची आई राफिया शाळेत शिक्षिका. तीन मुलीच झाल्या म्हणून नवऱ्याने दुसरं लग्न केलेलं. मुली वाढवायच्या, शिकवायच्या, फी भरायची, हे सगळं राफिया एकटीने निभावते. भांडुपच्या चाळीत किंवा विक्रोळीच्या कन्नमवारनगरात वाढलेल्या बाईला राफिया परकी वाटण्याचं कारणच नव्हतं. मुलगा हवा म्हणून दुसरं लग्न, किंवा त्याची नुसती धमकी, हे आपल्याकडच्या किती आज्यांनी सोसलं आहे.

आणि कशफचे कपडे! सनम सईदने साकारलेली ही मुलगी कॉलेजला जाताना साध्या सुती सलवार-कमीजमध्ये, खांद्यावर ओढणी. झोपताना झोपायचे कपडे. अधिकारी झाल्यावर कापड थोडं बरं, पण तऱ्हा तीच. आपल्याकडे नायिका मध्यरात्री नथ घालून जागी होते, ही गोष्ट प्रेक्षकांनी मुकाट्याने स्वीकारलेली होती. बाईचे कपडे तिच्या पगाराला शोभतील असेही असू शकतात, हे पडद्यावर पाहणं हाच एक दिलासा होता.

त्याच सुमारास झी मराठीवर 'होणार सून मी ह्या घरची' जोरात होती. तेजश्री प्रधानची जान्हवी बँकेत नोकरी करणारी मुलगी, पण मालिकेचा जीव होता तिच्या सहा सासवांच्या घरात. जान्हवीच्या लांब मंगळसूत्राची इतकी हवा झाली की सराफांकडे त्याच नावाने मागणी येऊ लागली. एका मालिकेतून मंगळसूत्र उचललं गेलं, दुसरीतून ड्रेसची तऱ्हा. दोन्ही उचलणाऱ्या बऱ्याचदा एकाच घरातल्या बायका होत्या, कधी तर एकच बाई. तिला संसारही हवा होता आणि कशफसारखं ताठ मानेने ऑफिसात जाणंही हवं होतं. यात मला काहीही विसंगत दिसत नाही.

पण पाकिस्तानी मालिकांकडे भारावून पाहण्याच्या त्या दिवसांत एक गोष्ट बऱ्याच जणींच्या नजरेतून सुटली, आणि ती नीट पाहायला हवी. 'जिंदगी गुलजार है'मध्ये कशफच्या समोर उभ्या केलेल्या बायका पाहा. नायक झारूनची आई गजाला घराबाहेर काम करणारी, म्हणून मुलांकडे दुर्लक्ष करणारी. बहीण सारा मनासारखं वागणारी, म्हणून तिचा घटस्फोट होतो. अस्मारा आधुनिक कपड्यांतली. झारूनला तिचं मोकळं वागणं खटकतं आणि साखरपुडा मोडतो. 'हमसफर'मध्येही हाच हिशोब आहे. माहिरा खानची खिरद साधी, ओढणीतली, सोशिक. तिला घराबाहेर काढणारी सासू फरीदा मात्र स्त्रियांसाठीची संस्था चालवणारी. म्हणजे गरीब मुलीने शिकावं, नोकरीही करावी, पण श्रीमंत बाईने स्वतःसाठी जगू नये. ओढणी म्हणजे पत, बिनबाह्यांचा कुर्ता म्हणजे घराची पडझड.

आपल्याकडे हाच हिशोब साडीत मांडला जातो. २०१६ मध्ये सुरू झालेली 'माझ्या नवऱ्याची बायको' आठवा. अनिता दातेची राधिका साडीत, नागपुरी बोलणारी, घर सांभाळणारी. नवऱ्याची मैत्रीण शनाया तोकड्या पाश्चात्त्य कपड्यांत. पहिल्याच भागात, एकही संवाद न ऐकता, कुणाची बाजू घ्यायची हे कपड्यांवरून कळत होतं. पुढे राधिकाने मसाल्यांचा धंदा उभारला आणि लोकांना ते मनापासून आवडलं. बाई धंदा करते, मोठी होते, हे घराघरात रोज रात्री दिसणं ही लहान गोष्ट नव्हती. पण शनायाचा स्कर्ट मालिकाभर तिच्या विरोधातला पुरावा म्हणूनच वापरला गेला. अंधेरी-बोरिवलीच्या ऑफिसांत स्कर्ट किंवा जीन्स घालून जाणाऱ्या, कुणाचाही नवरा न पळवणाऱ्या हजारो मराठी मुली रात्री घरी येऊन आईबरोबर बसून हे पाहत होत्या.

हे पूर्वीपासून असंच होतं का? नव्हतं. दोन्ही देशांत नव्हतं.

पाकिस्तानात १९८०च्या दशकात, झिया-उल-हक यांच्या लष्करी राजवटीत, पीटीव्ही या सरकारी वाहिनीवर हसीना मोईन लिहीत होत्या. 'अनकही', 'तनहाइयां', 'धूप किनारे' या त्यांच्या मालिका. त्यांच्या मुली खट्याळ, तोंडाळ, शिकलेल्या. 'धूप किनारे'मधली मरीना खानची झोया डॉक्टर आहे, चुका करते, वरिष्ठाशी वाद घालते, प्रेमात पडते, आणि याबद्दल कथा तिला शिक्षा करत नाही. याच काळात पीटीव्हीवरच्या निवेदिकांना डोकं ओढणीने झाकण्याचं फर्मान निघालं होतं. महताब राशदी यांनी ते झुगारलं आणि पडद्यावरून बाजूला होणं पत्करलं. इतक्या दडपणाखाली लिहिलेल्या त्या मालिकांच्या व्हिडिओ कॅसेट मुंबईत हातोहात फिरायच्या. हसीना मोईन यांनी पुढे 'हिना' या हिंदी चित्रपटाचे संवाद लिहिले आणि 'धूप किनारे'वरून आपल्याकडे २०११ साली 'कुछ तो लोग कहेंगे' ही हिंदी मालिका आली.

आता मराठीकडे पाहा. १९९७ साली दूरदर्शनवर 'दामिनी' आली. प्रतीक्षा लोणकर यांची दामिनी पत्रकार. १९९९ मध्ये अल्फा मराठीवर 'आभाळमाया', त्यात सुकन्या कुलकर्णी यांची सुधा जोशी प्राध्यापिका. नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आल्यावर ती कोसळत नाही, आपल्या पायांवर उभी राहते. २००३ मध्ये 'वादळवाट', तिची नायिका रमा वकील. पत्रकार, प्राध्यापिका, वकील. यांच्या अंगावर साधी साडी किंवा पंजाबी ड्रेस असे आणि कुणाचं लक्ष कपड्यांकडे जात नसे, कारण कथा बाईच्या कामाची होती.

मग वाहिन्या वाढल्या. जुलै २००० मध्ये बालाजी टेलिफिल्म्सने 'क्यूंकि सास भी कभी बहू थी' आणली आणि त्या मालिकेतला भरजरी दिवाणखाना हळूहळू सगळ्या भाषांत पसरला. २००१ मध्ये आलेल्या 'चार दिवस सासूचे'ने ईटीव्ही मराठीवर तीन हजारांहून अधिक भाग केले. गोरेगावची चित्रनगरी, मढचे बंगले, घोडबंदर रस्त्यावरचे स्टुडिओ यांत रोजचा भाग रोज उभा राहायला लागला. आठवड्याला सहा भाग द्यायचे तर लेखकाला माणूस घडवायला वेळ उरत नाही. तेव्हा माणूस कपड्यांनी ओळखायचा. डोळ्यांत काजळाची जाड रेघ आणि बिनबाह्यांचा ब्लाउज म्हणजे खलनायिका. मराठी टीव्हीवरची बाई या वीस-बावीस वर्षांत मागे गेली, असं म्हणताना मला वाईट वाटतं, पण ते खरं आहे. पाकिस्तानातही खासगी वाहिन्या आल्यावर झोयाच्या जागी रडणारी खिरद आली.

उलट पडद्यासमोरची बाई पुढेच जात होती.

आमच्या पिढीच्या मराठी घरांत पंजाबी ड्रेससाठी किती रुसवेफुगवे झाले, ते आजच्या मुलींना सांगून पटत नाही. लग्नाआधी ड्रेस, लग्नानंतर साडी, असा नेम होता. नव्या सुनेने ड्रेस घालायला सासूची परवानगी लागायची. सासू "घाल बाई, पण आपले हे आले की ओढणी नीट घे" म्हणायची, तिथे अर्धी लढाई जिंकलेली असायची. मग "ऑफिसला घाल, सणाला साडीच" अशी तडजोड. घरात गाऊन आला तेव्हा दुधवाल्याला दार उघडताना गाऊनवर ओढणी टाकण्याची पद्धत पडली, ती अजून कित्येक घरांत आहे.

ही लढाई पडद्याने जिंकून दिली नाही, लोकलने दिली. सकाळी मुलुंडहून व्हीटीला किंवा बोरिवलीहून चर्चगेटला उभ्याने जायचं, संध्याकाळी धावत गाडी पकडायची, वाटेत भाजी घ्यायची, जिना चढायचा, त्यात सहा वार सांभाळायचे. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर पहिली महिला विशेष लोकल धावली. अशा गाड्यांतून हजारो बायका एकमेकींना पाहत होत्या. शेजारची ड्रेसमध्ये येते, तिचं घर काही बुडालेलं नाही, हे डोळ्यांना दिसत होतं. ड्रेसनंतर कुर्ती-लेगिंग आली. दारात अडकते म्हणून ओढणी गळून पडली, मग जीन्स आली. दरवेळी घरात थोडी कुरबुर झाली आणि दरवेळी ती विरली.

सीमेच्या दोन्ही बाजूंचं चित्र इथे उलटंपालटं होतं आणि मला त्याचं सतत आश्चर्य वाटत आलं आहे. मराठी घरात साडी म्हणजे रीत आणि सलवार-कमीज म्हणजे मोकळीक. पाकिस्तानात सलवार-कमीज म्हणजे रीत. तिथे फाळणीनंतर मुंबई, हैदराबाद, उत्तर प्रदेशातून गेलेल्या बायका कराचीत साड्या नेसत होत्या. झियांच्या काळात साडी सरकारी वर्तुळांत नकोशी झाली, परक्या धर्माची म्हणून तिच्याकडे बोट दाखवलं गेलं. आजच्या तिकडच्या मालिकांत साडी बहुधा श्रीमंत सासूच्या किंवा पार्टीला निघालेल्या बाईच्या अंगावर असते. जे वस्त्र इकडे सुनेला सासूच्या मर्जीत बसवतं, तेच तिकडे तिला संशयास्पद ठरवतं. आणि हेच ते कराची, जे १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होतं. तिथली एन. जे. व्ही. शाळा नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने आजही उभी आहे. एकाच इलाख्यातल्या दोन शहरांत एकाच वस्त्राचा अर्थ असा उलटा होत असेल, तर कापडात शील कुठून येणार? ते बाईच्या अंगावर बाहेरून लादलेलं असतं.

गेल्या दहा वर्षांत दोन्हीकडे बदल झाला, पण तो अडखळत झाला. पाकिस्तानात 'उडारी' (२०१६) या मालिकेने लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट घराघरात नेली आणि तिथल्या नियामक संस्थेची नोटीस ओढवून घेतली. २०२० मध्ये आसिम अब्बासींची 'चुडैल्स' आली, तीही भारतातल्या झी५वर. चौघी बायका बुरख्याचा आडोसा करून बेइमान नवऱ्यांचा माग काढतात. ओढणी आणि बुरखा म्हणजे सोशिकता हे समीकरण एका पाकिस्तानी दिग्दर्शकाने मोडलं आणि त्याला व्यासपीठ मुंबईतल्या कंपनीने दिलं. पण त्याआधीच्याच वर्षी आलेल्या 'मेरे पास तुम हो'मध्ये नवऱ्याला सोडून जाणाऱ्या बाईला इतकं हिणवलं गेलं की पाकिस्तानातल्याच बायका संतापल्या, तरी शेवटचा भाग चित्रपटगृहांत लागला. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथल्या नियामकाने मिठ्या आणि जवळिकीची दृश्यं दाखवू नयेत असं फर्मावलं. नायिकेला बसणाऱ्या थपडांवर मात्र असं फर्मान निघालं नाही, आणि हे बोलून दाखवणाऱ्या बायका तिथे होत्या. २०२४ च्या 'कभी मैं कभी तुम'मध्ये हानिया आमिरची शर्जीना कमावते, नवऱ्याचे पाय जमिनीवर ठेवते. आपल्याकडे ही मालिका लोकलमध्ये, कानात हेडफोन घालून, यूट्यूबवर पाहिली गेली.

मराठीत २०१९ मध्ये 'अग्गंबाई सासूबाई' आली. विधवा सासूचं दुसरं लग्न सून लावून देते. निवेदिता सराफ यांची आसावरी आयुष्यभर 'हो बाबा' म्हणत आलेली. मराठी मध्यमवर्गात विधवेच्या प्रेमाबद्दल इतक्या सहज बोललं जाऊ शकतं, हे त्या मालिकेने दाखवलं, आणि त्याबद्दल मी तिची कायम ऋणी राहीन. त्याच वर्षीच्या 'रंग माझा वेगळा'ने काळ्या रंगाचा प्रश्न घेतला, पण काळी नायिका उभी करायला रेश्मा शिंदेचा रंग मेकअपने काळा केला. सावळ्या अभिनेत्री महाराष्ट्रात नाहीत का? इथे मालिकेचं धैर्य कमी पडलं. आणि डिसेंबर २०१९ पासून नोव्हेंबर २०२४ पर्यंत 'आई कुठे काय करते'. मधुराणी प्रभुलकरची अरुंधती पंचवीस वर्षांचा संसार मोडते, गाते, कमावते, पुन्हा लग्न करते. मूळ बंगाली मालिकेवरून घेतलेली ही कथा मराठी घरांत जेवणाच्या वेळी वाद घडवत होती. "एवढं काय झालं सोडून जायला?" असं म्हणणारे वडील आणि "तुम्हाला कळणार नाही" म्हणणारी आई. अरुंधतीने घर सोडलं, नवरा सोडला. साडी मात्र सहसा सोडली नाही. अर्थात तिला साडी आवडत असेलही. मला इतकंच म्हणायचं आहे की निवड तिची असती तर कधीतरी तिने दुसरं काही घालून पाहिलं असतं.

बंदीबद्दल बोलायलाच हवं. उरीच्या हल्ल्यानंतर, २०१६ च्या सप्टेंबरअखेरीस 'जिंदगी'वरच्या पाकिस्तानी मालिका थांबल्या. पुढे वाहिनी टीव्हीवरून गेली आणि ओटीटीवर परतली. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेली. त्यात डोंबिवलीचे तिघे होते. मध्य रेल्वेच्या त्याच गाड्यांनी जाणारी-येणारी, आपल्यातलीच माणसं. त्या आठवड्यात डब्यात कुणी मालिकांचा विषय काढला असेल असं मला वाटत नाही, आणि काढू नये हेच योग्य होतं. पाकिस्तानी वाहिन्यांची यूट्यूब पानं भारतात बंद झाली, कलाकारांची इन्स्टाग्राम खाती दिसेनाशी झाली, ८ मे रोजी ओटीटी कंपन्यांनाही पाकिस्तानी मजकूर काढण्याची सूचना गेली. ज्या देशातून मारेकरी येतात त्या देशाची मालिका पाहायची का, या प्रश्नाला प्रत्येकीचं उत्तर वेगळं असेल. मी कुणालाही चुकीचं म्हणणार नाही.

पण मालिका गेली तरी तिने दाखवलेली उणीव उरते आणि ती आपली आहे. उमेरा अहमद, फरहत इश्तियाक या लेखिका उर्दूतल्या बायकांच्या मासिकांतून लिहीत आल्या. तिकडच्या टीव्हीने त्या मासिकांवर डोळा ठेवला, कादंबरी उचलली, वीस-पंचवीस भागांत सांगितली आणि थांबली. आपल्याकडे १९३० पासून 'स्त्री' मासिक होतं, पुढे 'माहेर', 'मेनका' आले. गौरी देशपांडे, सानिया, मेघना पेठे, कविता महाजन यांनी मराठी बाईबद्दल जे लिहिलं त्याला तोड नाही. अल्फा मराठीने 'पिंपळपान'मधून साहित्याला हात लावून पाहिला होता. रमाबाई रानडे यांच्यावरची 'उंच माझा झोका' २०१२ मध्ये आली. नऊवारीतली बाई लिहायला-वाचायला शिकते, याहून बंडखोर दृश्य त्या वर्षी मराठी टीव्हीवर दुसरं नव्हतं. मग थांबलो का? जाहिरातदाराला न संपणारी मालिका हवी असते हे मला ठाऊक आहे. तरीही मराठी वाहिन्यांनी आठवड्याला एक भाग, वर्षाला एक छोटी मालिका, इतकं तरी करून पाहावं.

विषयाला तोटा नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने कर्मचाऱ्यांच्या पेहरावाबद्दल परिपत्रक काढलं, १५ मार्च २०२४ रोजी शिक्षकांसाठी शासन निर्णय काढला. दोन्हींत बायकांसाठी साडीच्या जोडीला सलवार-कुर्ता आणि ओढणी आहे. शिक्षकांच्या यादीतून जीन्स वगळलेली आहे. ज्या पंजाबी ड्रेससाठी आईने सासूशी वर्षभर अबोला धरला, तोच आता सरकारी शिस्तीचा पोशाख झाला. मुलुंडमधल्या एखाद्या शाळेतली पंचविशीची शिक्षिका, तिची निवृत्त आई, गावाहून आलेली नऊवारीतली आजी, दोन खोल्यांचं घर आणि खुंटीला टांगलेली जीन्स. तिघींपैकी कुणीही खलनायिका नाही. सव्वीस भागांत ही गोष्ट सांगून होईल.